बाई यायच्या आत

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भांडी घासायचं. बायको मोरीपाशी पाटावर बसून घासत होती आणि मी खुर्चीवर बसून विसळत होतो. अजून उजाडलं नव्हतं. अंगणातला बल्ब लावला होता. आदल्या संध्याकाळी वरणाचं पातेलं करपलं होतं, कारण गॅस बंद करायला तिला बाजेवरून वेळेत उठता आलं नव्हतं. ते करपलेलं तिला कामाची बाई यायच्या आत काढायचं होतं.

"आवर," मी म्हणालो. "ती येईल आता."

"मोंढ्यातल्या मुकादमावानी मागं लागू नका. पातेलं काय पळून चाललं न्हाई."

"पातेलं न्हाई पळत. बाई येऊन राहिली असंल."

"येऊ द्या. तवर होतंय."

होत नव्हतं. तिनं काथ्यानं घासलं, राख लावून घासलं, शेवटी चमच्यानं खरवडलं. बुडाचं काळं तसंच. मी परत म्हणालो, "आवर, ती येईल." मग तिनं पातेल्यावर परात पालथी घातली आणि दोन्ही भिंतीला सारून ठेवलं. चोरी लपवल्यासारखी हसली. म्हणाली, "उद्या बघू त्याच्याकडं."

उठताना तिनं माझा वॉकर ओढून घेतला. आमच्या घरात वॉकर एकच होता, आणि तो माझ्या नावाचा. माझा खुबा मोडल्यावर पोरानं आणलेला. पण पाटावरून उठायला तो तिलाच जास्त लागायचा. गुडघे तिचे गेले होते. ती वॉकर धरून उभी राहायची, मग वॉकर माझ्याकडं सरकवायची, मग मी उभा राहायचो. दोघं उभे राहिलो की घरात काहीतरी मोठं काम झाल्यासारखं वाटायचं.

थोड्या वेळानं बाई आली. झाडलोट केली, धुणं धुतलं. तिनं चहा ठेवला, ती म्हणजे माझी बायको. बाईला रोज आमच्याबरोबर चहा असायचा. त्या दिवशी बाई म्हणाली, "नको याडी, आज नको."

ती लमाणांच्या तांड्यावरची. त्यांच्यात आईला याडी म्हणतात.

"काहून गं? पोट दुखतं का?"

"न्हाई. असंच."

आणि निंदायला निघून गेली. माझी बायको दोन्ही हातांत बाईचा भरलेला कप धरून बसली होती.

"तुमी काही बोलला का तिला?"

"मी काहून बोलू?"

"मंग आज तोंड असं काहून होतं तिचं?"

"मला काय माहीत. असंल घरचं काही."

दुपारी बायकोच्या छातीत जळजळायला लागलं. आम्हाला वाटलं, पित्त. मी ओवा दिला. मग ती घामानं भिजली. शेजारच्या पोरानं जीप काढली. नांदेडला नेत होतो, वारंगा फाटा यायच्या आत ती गेली. माझ्या मांडीवर डोकं होतं. मधे एकदा डोळे उघडून ती म्हणाली, "तिनं च्या घेतला न्हाई." मी म्हणालो, "गप, बोलू नको." हे मी तिच्याशी बोललेलं शेवटचं.

ती बाई आमच्याकडं कशी आली ते सांगतो.

आमचं घर आखाडा बाळापुरात. दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला मोरी. मी जन्मभर हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलली. पाठ गेली नाही, हात गेले नाहीत, आणि म्हातारपणी घरच्याच न्हाणीत घसरून खुबा मोडला. आत सळई घातली. तेव्हापासून वॉकर. बायकोनं मला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. त्यात तिचे गुडघे होते नव्हते ते संपले. पोरगं पुण्याला कंपनीत आहे. ते आलं आणि म्हणालं, "अण्णा, आईला आता होत नाही. बाई लावा."

आमच्या गल्लीत कुणी बाई लावत नव्हतं. आमच्या बायका दुसऱ्याच्या घरी कामाला गेल्या, आमच्या घरी कुणी कामाला आलं नाही. माझी बायको म्हणाली, "लोक हसतील. म्हणतील, म्हातारी मालकीण झाली."

"हसू दे," पोरगं म्हणालं. "तू बस फक्त."

बाई पोरानंच शोधली. तांडा आमच्या गावापासून थोडा दूर, रस्त्याच्या पलीकडं. पस्तीस-चाळिशीची असेल. उंच, कामाला चपळ, बोलायला मोजकी. निंदणीच्या टोळीबरोबर जायची, त्याआधी सकाळी आमच्याकडं यायची. पहिल्या दिवशी आली, झाडून काढलं, धुणं केलं, आणि मोरीपाशी बसून भांड्यांकडं हात नेला. माझी बायको आतून ओरडली, "भांडी राहू दे गं बाई, ते मी करते."

"याडी, मला भांड्याचं पन सांगितलंय."

"सांगू दे. भांडी न्हाई."

संध्याकाळी मी विचारलं, "अगं, गुडघ्यासाठीच तर बाई लावली ना?"

ती म्हणाली, "तुमच्या आईनं काय सांगितलं होतं?"



माझ्या आईचं सांगतो, म्हणजे कळेल. आम्ही बौद्ध. आईच्या तरुणपणी गावात लग्न झालं की पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळ्या उचलायला आमच्या बायकांना बोलावणं यायचं. मी लहान होतो, तिच्यामागं असायचो. पत्रावळीवर लोकांनी टाकलेलं ती एका बाजूला काढायची, ते आम्ही घरी नेऊन खायचो. ते गोड लागायचं हेही सांगतो, कारण भूक होती. अंगण झाडल्यावर कधी चहा मिळाला तर गोठ्याच्या वळचणीला एक कप खोचलेला असायचा, त्यात. तो कप प्यायच्या आधी तिनंच धुवायचा, पिऊन झाल्यावर तिनंच धुवून परत खोचायचा. वरून चहा ओतायचे.

पुढं मी मोंढ्यात लागलो, हे घर बांधलं. आई या घरात आली त्या दिवशी तिनं चुलीपाशी उभं राहून सांगितलं, "या घरात कुनी कुनाचं उष्टं उचलायचं न्हाई. ज्याचं ताट त्यानं उचलायचं, त्यानं घासायचं." ती बोलली ते सगळ्यांनी पाळलं. मी मोंढ्यातून कितीही थकून आलो तरी माझं ताट मी घासलं. पोरगं चालायला लागलं तसं आपली वाटी घेऊन मोरीकडं जायला शिकलं. पोराचे सासरे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा आईनं त्यांनाही हात धुवायच्या आधी ताट उचलायला लावलं. ते बिचारे नवं धोतर खोचून मोरीत बसले. बायका आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. नंतर तेच व्याही चार ठिकाणी अभिमानानं सांगत फिरले.

आई गेली, पण बायकोनं ते सोडलं नाही. तिचं आपलं एक गणित होतं. ती म्हणायची, "केर हा जमिनीचा असतो, तो बाईनं काढला तर काढला. धुणं अंगावरचं, तेबी चालंल. पर उष्टं मान्साच्या तोंडचं असतं." म्हणून बाईला झाडू होता, धुणं होतं, पाणी भरणं होतं, भांडी नव्हती. आणि चहाचा कप तर अजिबात नाही. बाईचा चहा झाला रे झाला की माझी बायको तिच्या हातातून कप काढून घ्यायची आणि लगेच मोरीत नेऊन धुवायची. वळचणीचा कप तिच्या डोक्यातून गेला नव्हता, आणि तो तिनं डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. फक्त सासूकडून ऐकला होता.

मग अडचण अशी झाली की मोरीत भांडी दिसली की बाई घासायला बसायची. सांगितलं तरी बसायची. कामाची होती, पैसे घेते तर काम करायचं अशा मताची. त्यावर बायकोनं मार्ग काढला. बाई यायच्या आत भांडी घासून पालथी घालून ठेवायची. पहाटे उठायचं, मी पण उठायचं. खुबा मोडल्यापासून माझं ताटही तीच घासायची, मी विसळायचो, कारण मला तेवढंच बसून होत होतं. पोराला फोनवर सांगितलं की बाई सगळं करते, आई आराम करते. पोरगं खूश.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी एकत्र बसून कोणतंच काम केलं नव्हतं. मी मोंढ्यात, ती दुसऱ्याच्या शेतात. म्हातारपणी पहाटे मोरीपाशी आम्हाला एकमेकांची सोबत झाली. ती कुणाकुणाचं बोलायची, मी हूं हूं म्हणायचो. म्हणून मी तिला कधी म्हणालो नाही की बस, राहू दे. तिचे गुडघे दुखत होते ते मला दिसत होतं. रात्री ती तेल चोळायची. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला फक्त एक सुचायचं, आवर, ती येईल.

पोरगं म्हणतं, "अण्णा, गुडघ्यानं कुणी मरत नाही. हार्टचं होतं ते." डॉक्टरही तेच बोलला. मला ते कळतं. पण गुडघ्यासाठी बाई लावली आणि बाईसाठी गुडघे झिजवले, हे मला कुणी डॉक्टर समजावू शकत नाही.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तोवर गल्लीतल्या बायकांनी सैपाक, भांडी सगळं पाहिलं. बाई रोज यायची, पाणी भरायची, अंगण झाडायची आणि ओट्याच्या खाली उभी राहायची. आत आली नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं.

माणसं गेली. पोरानं सुट्टी वाढवली होती, तीही संपत आली. ते माझ्याजवळ बसलं.

"अण्णा, पुण्याला चला."

"न्हाई."

"इथं कोण करणार तुमचं?"

"मी करीन."

"एका हातात वॉकर धरून भाकरी करणार का?"

मी पुण्याला पूर्वी राहून आलेलो. पोरगं चांगलं, सून चांगली, तक्रार काही नाही. पण तिथं सकाळी सगळे निघून गेले की मी खिडकीपाशी बसायचो आणि खाली दुसऱ्यांच्या गाड्या मोजायचो. मला या घरात राहायचं होतं. इथं मोरी होती, पाट होता. ती जिथं बसायची ती जागा मला पुण्याला नेता येणार नव्हती.

पोरानं ऐकलं, पण अट घातली. बाईनं दोन्ही वेळ यायचं. सैपाक, भांडी, सगळं तिनं करायचं. ती हो म्हणाली तर अण्णा इथं, नाही म्हणाली तर अण्णा पुण्याला. मी म्हणालो, विचार तिला.

त्यानं माझ्यासमोरच विचारलं. बाई झाडू हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "झाडलोट करीन. धुणं करीन. सैपाक-भांडी दुसरी कुनी बघा."

"पैशाचं म्हणत असशील तर वाढवून देतो."

"पैशाचं न्हाई दादा."

"मग?"

"न्हाई जमायचं."

आणि झाडायला लागली. पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, "दुसरी मिळते का बघा, अण्णा. पुढच्या वेळी येईन तेव्हा गाडी घेऊनच येतो." ते गेलं.

मी दुसरी बघितली नाही. गल्लीत विचारलं तर सगळ्यांना आपापलं. आणि माझ्या डोक्यात एक बसलं होतं ते निघत नव्हतं. हिला आमचं उष्टं चालत नाही, असं मला वाटलं. झाडूला हात लावते, पाण्याला लावते, आमच्या ताटाला नाही. ही तांड्यावरची, आम्ही हे. जुनंच चालू आहे, फक्त आता तोंडानं बोलत नाहीत. मला वाटलं, माझी बायको हिचा कप धुवायची आणि ही मनात काय समजत होती.

माणसाला राग आला की दुःख थोडं कमी होतं. मी तो राग जपला. ती यायची, मी बोलायचो नाही. चहा ठेवायचो नाही. शेजारून डबा यायचा, मी जेवायचो आणि ताट घेऊन मोरीकडं जायचो. एका हातात ताट, एका हातात वॉकर. ताट खाली ठेवायला वाकलो की खुब्यात सुरी फिरल्यासारखी कळ यायची. पाटावर बसता येत नव्हतं, खुर्चीवरून मोरीत हात पोचत नव्हता. मी काठीनं घासणी सरकवायचो. हसू येईल असं होतं ते, पण बघणारं कुणी नव्हतं.

एक दिवस सकाळी मोरीत पाय घसरला. वॉकर आडवा झाला, ताट घरंगळत गेलं. मी भिंतीला धरलं म्हणून डोकं वाचलं. बाई ओटा झाडत होती, ती पळत आली आणि माझा दंड धरला.

"बाबा, काय करता? सोडा ते ताट."

माझ्या तोंडात जे होतं ते बाहेर आलं. "हात लावू नको आमच्या ताटाला. बाटशील."

तिनं माझा दंड सोडला नाही. मला खुर्चीपर्यंत आणलं, बसवलं, वॉकर उभा केला. मग सोडला.

"काय म्हनले बाबा?"

"जे ऐकलंस ते. आमचं उष्टं तुला चालत न्हाई ना? तसं पोराला सांगायचं होतं तोंडावर. न्हाई जमायचं, न्हाई जमायचं करत होती."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग ओट्याच्या पायरीवर बसली. पदर कमरेला खोचलेला होता, तो सोडला. रडत नव्हती. रागात होती, आणि तिचा राग माझ्यापेक्षा जुना होता ते मला तेव्हा दिसलं.

"हे तुमी बोलता," ती म्हणाली. "मी इतके दिस आले. याडीनं मला एक चमचा तरी घासू दिला का? मी यायच्या आत भांडी पालथी. माझा कप तोंडातून काढला की मोरीत, धुवून मोकळी. मी बसले असता धुवायची. मी काय समजायचं?"

"अगं, ते..."

"थांबा. मी बोलते. तांड्यावर मला सासू बोलली, जाऊ बोलली. कुनाच्या घरी कामाला जातीस म्हनून बोलल्या. मी त्यांना म्हनलं, मानसं चांगली हायेत, माझ्या मांडीला मांडी लावून च्या पितात. मी भांडले त्यांच्यासंगं. आन इथं येऊन बघते तर माझाच हात चालत न्हाई."

मी घरंगळलेल्या ताटाकडं बघत होतो.

"मला वाटलं, याडीला माझी किळस येते. मी शेतातून येते, शेनाचे हात असतात, म्हनून असंल. मी साबनानं हात धुवून यायला लागले. तरी तेच. मंग एक दिवस मी लवकर निघाले. म्हनलं, भांडी पडलेली असतील तवाच जाऊन बसते, मंग कशी न्हाई म्हनंल. गेटापाशी आले तर तुमी दोघं बसून घासून राहिले होते. आन तुमी म्हनत होते, आवर, ती येईल. याडीनं काहीतरी परातीखाली लपवलं. माझ्यापासून भांडं लपवलं, बाबा. मी गेटातूनच मागं फिरले. रस्त्यावर पुलाजवळ बसले. मंग रोजच्या टायमाला आले. त्या दिशी मला च्या गेला न्हाई."

मी विचारलं, "कोणत्या दिवशी?" विचारायची गरज नव्हती.

"तुमाला माहीत हाय कोनत्या."

मला गोड बोलता येत नाही. समजावताही येत नाही. मी तिला आईचं सांगितलं. पत्रावळ्यांचं सांगितलं, वळचणीच्या कपाचं सांगितलं. पोराच्या सासऱ्याचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही, पण ओठ हलले. परातीखाली काय होतं तेही सांगितलं. करपलेलं पातेलं. तू काय म्हणशील म्हणून लपवलं. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरातल्या सगळ्यांना ते माहीतच होतं. सांगायचं असतं हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आम्हाला वाटत होतं की आम्ही तिचा मान ठेवतो आणि तो तिला दिसतो.

निंदणीची टोळी रस्त्यावरून गेली, कुणीतरी तिला हाक मारली. ती उठली नाही.

"मंग सांगायचं ना बाबा," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं. मी म्हनले असते, याडी, माझ्या आईनं पन लोकाची धुनी धुतली, मला त्याचं काही न्हाई. तुझे गुडघे..."

तिथं थांबली.

मग म्हणाली, "मी त्या दिशी च्या घ्यायला पायजे होता."

"तीबी तेच म्हणत होती."

"काय?"

मी सांगणार नव्हतो. पण खोटं बोलायचं वय माझं गेलं. म्हणालो, "जीपमध्ये म्हणाली, तिनं च्या घेतला न्हाई."

बाईनं पदर तोंडाला लावला. आता ती रडली. मी खुर्चीत बसलो होतो, मला उठून जाता येत नव्हतं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस झालं नाही. हे मी तिला काहून सांगितलं ते माझं मलाच कळलं नाही. एकट्याला ते ओझं जड झालं होतं म्हणून अर्धं तिच्या डोक्यावर दिलं, दुसरं काही नाही. पोती उचलणारा माणूस असं करत नाही.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं. घरंगळलेलं ताट उचललं आणि माझ्याकडं बघितलं. घासू का असं विचारत होती, तोंडानं नाही. माझ्याच्यानं हो म्हणवलं नाही. आई चुलीपाशी उभी दिसत होती. मी हात पुढं केला, तिनं ताट माझ्या हातात दिलं, आणि टोळीच्या मागं निघून गेली. जाताना "येते" एवढंच म्हणाली. त्या दिवशी ते ताट मी घासलं. कसं घासलं ते माझं मला माहीत.

संध्याकाळी पोराचा फोन आला. "दुसरी कुणी मिळाली का, अण्णा?"

"बघून राहिलो."

"अण्णा, खरं सांगा."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

रात्री शेजारून पिठलं-भाकरी आली. जेवलो. जेवून झाल्यावर सवयीनं वॉकर धरला, ताट घेतलं, आणि मग ताट परत खाली ठेवलं. माझं उष्टं ताट जेवल्या जागी तसंच पडलंय असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. झाकून ठेवलं. झाकल्यावरही ते खोलीत होतं. आई असती तर तिनं मला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. बायकोनं काय म्हटलं असतं ते मात्र नक्की सांगता येत नाही. तिनं कदाचित काहीच म्हटलं नसतं, पहाटे उठून गुपचूप घासून टाकलं असतं, आणि मी विसळलं असतं.

सकाळी मी बल्ब लावला नाही. उजाडू दिलं. वॉकर धरून मोरीपर्यंत गेलो आणि ताट आत ठेवलं. पिठलं वाळून कडेला चिकटलं होतं. पाणी घालावंसं वाटलं, पाणी घातलं म्हणजे अर्धं घासल्यासारखंच, म्हणून नाही घातलं. मग भिंतीपाशी गेलो. परात तशीच पालथी होती. इतक्या बायका घरात राबून गेल्या, पण ती कुणी हलवली नव्हती, की मीच हलवू दिली नव्हती, आता आठवत नाही. परात काढली. पातेल्याच्या बुडाला काळं तसंच होतं, आणि त्यात चमच्यानं खरवडलेल्या रेघा होत्या. ते पातेलं ताटाशेजारी ठेवलं. पाट सरळ केला. काथ्या ठेवला.

मग आत जाऊन गॅसपाशी भिंतीला टेकून चहा करून ठेवला. दोन कप काढले.

गेट वाजलं. बाई आली, चप्पल काढली. झाडू घ्यायला वळली आणि मोरीकडं बघून थांबली. मी तिच्याकडं बघितलं नाही. कशीबशी खुर्ची ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून घेतली आणि बसलो. पाट सरकल्याचा आवाज आला. मग काथ्याचा. आधी ताटावर, थोडा वेळ. मग पातेल्यावर, आणि तो लवकर थांबला नाही. माझे हात विसळायला उठत होते. मी ते मांडीखाली दाबून धरले आणि रस्त्याकडं बघत बसलो.